मी मेलेलो नाही, एवढं येऊन सांगा

मुक्काम वरोर, होळीच्या आधीचा शुक्रवार, सन १९५८

राजमान्य राजश्री हिरूभाऊ, आमच्या मालूचे थोरले बंधू, वकीलसाहेबांचे उजवे हात, डहाणू रोडच्या लॉजातल्या वरच्या खोलीचे मालक (भाड्याने का होईना) आणि आपल्या सबंध जातीत इंग्रजी बोलणारे एकुलते एक गृहस्थ, यांस तुमच्या बहिणीचा नवरा नारू याचा वाकून नमस्कार. तुमची तब्येत कशी आहे? खोकला गेला का? छातीला तेल चोळता की अजून त्या पारशाच्या दुकानातल्या गोड औषधावरच भिस्त आहे? इकडे मी जिवंत आहे. लोक पत्रात खुशाली लिहितात ती सवयीने लिहितात. मी ती मुद्दाम लिहितो आहे, आणि तुम्हीही ती सवयीने वाचू नका, दोनदा वाचा.

आधी भांडण उरकून घेतो, मग हकिकत. तुरुंगातून मी तुम्हाला दोन पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही. (मालूला टाकली असती तर ती शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली असती, म्हणजे तुरुंगाची बातमी सगळ्या किनाऱ्याला. म्हणून तुमच्याकडे टाकली.) भेटीच्या दिवशी लोकांचे सोयरे ठाण्याला येत, चिवडा आणत, रडत. मी आपला गजाला धरून तुमची वाट बघत उभा. सुटून आलो तो पहिला तुमच्या दारात, तर खोलीला कुलूप. लॉजवाला म्हणाला, मुंबईला मोठी नोकरी बघायला जाणार जाणार म्हणत होते, गेले असतील, पत्र आलं तर ठेवतो. वा रे वा! बहिणीचा नवरा आत सडतोय आणि तुम्ही मुंबईला! राग आला, खरंच सांगतो. पण आता राग करायची माझी ऐपत राहिलेली नाही. मी मेलो नाही हे ठाऊक असलेले आणि गाव ज्यांचा शब्द मानेल असे तुम्ही एकटेच आहात.

मला का धरलं ते तुम्हाला माहीतच आहे, कोर्टात तुम्ही माझ्या मागे उभे होता. तरी एकदा माझ्या बाजूनेही ऐका. दमणच्या बाटल्या मी विकायला आणत नव्हतो. जमनाकाकूला सांधेदुखी, काळूच्या बापाला झोप नाही, माझ्या स्वतःच्या पाठीत कळ, अशी सगळी औषधाचीच गरज. दारूबंदीच्या शिपायाला हे पटेना. त्याने मला डहाणूच्या खाडीत होडीवरून उतरवलं, बाटल्या उतरवल्या, आणि होडी मात्र नीट बांधली नाही. (सरकारी गाठ! मी बांधू का म्हणून विचारलं, तर माझ्या हातात बेडी.) ओहोटीने ती होडी सुटली आणि आपल्या आपण निघाली. काळूला ती वरोरच्या समोर दर्यात सापडली. आत माझी टोपी, माझी तंबाखूची चंची आणि मी नाही. आपल्याकडे रिकामी होडी घरी आली म्हणजे काय समजतात, ते तुम्हाला सांगायला नको.

तरीही काही बिघडलं नसतं, भाऊ. कारण तुम्ही निघाला होता. कोर्टात मी तुमच्या पाया पडून म्हटलं होतं की घरी जाऊन मालूला हळूच सांगा. आणि तुम्ही आलातही. पण अंगणात अर्धा गाव बसलेला, बायका रडताहेत, पोलीस पाटील मध्ये खाटेवर. तुम्हाला लाज वाटली. चारचौघांत तुरुंगाचं नाव कसं काढायचं? म्हणून तुम्ही टोपी काढून छातीशी धरलीत, मान खाली घातलीत, आणि म्हणालात, "ही इज बिहाइंड द बार्स." अहो, कुणासाठी? मालूसाठी? जमनाकाकूसाठी? तुम्हाला वाटलं असेल, आत्ता एवढं बोलावं, मग बहिणीला बाजूला घेऊन उलगडून सांगावं. पण टोपी काढून, मान खाली घालून सांगितलेल्या गोष्टीचा अर्थ कोण विचारतो? मालूने तिथेच बांगड्या फोडल्या, बायकांनी तिला घेरलं, आणि तुमची बाजूला घ्यायची वेळ टळून गेली. चहा पुढे केला तर तुम्ही घेतला नाहीत. कचेरीत उद्या तारीख आहे असं काहीसं पुटपुटलात, धोतर गुडघ्यावर खोचलंत, वहाणा हातात घेतल्यात आणि मधल्या वाटेने, खाडीतून, डहाणूकडे चालू लागलात. काळूने मागून ओरडून सांगितलं की पाणी भरायला लागलंय. तुम्ही छत्री हलवलीत म्हणे. (कचेरीत शाईने बोटं रंगवण्याआधी तुम्हीही जाळी विणत होता आणि भरती-ओहोटी बोटांवर मोजत होता. पण साहेब झालेल्या माणसाला भरतीचं काय कळवायचं, म्हणून काळूही मग गप्प बसला.)

त्यानंतर गावाने माझं जे केलं, ते कुणी वैऱ्याचंही करू नये. दर्यात गेलेल्याचं प्रेत मिळत नाही, म्हणून पेंढ्याचा माणूस केला. डोक्याच्या जागी नारळ. (माझं डोकं नारळाएवढं आहे का? मालू म्हणते, नारळ थोडा लहान होता.) त्याला माझा सदरा घातला, चांगल्यातला, लग्नातला, आणि जाळला. दहाव्याला किनाऱ्यावर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. कसा शिवेल? मी ठाण्याला आमटी-भाकरी खात होतो! आता एवढ्यावरून तरी शहाण्यांच्या डोक्यात उजेड पडावा. पण नाही. काळू म्हणाला, तुझ्या बायकोकडे बघू. कावळा ढिम्म. पोलीस पाटील म्हणाले, तुझ्या होडीला रंग देऊ. कावळे नुसते बघत बसले. जमनाकाकू म्हणाली, तुझं फाटकं जाळं नीट करू, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी गेले. पण घरी जाताना जो तो हेच बोलत होता की नारूचा जीव कशात तरी अडकलाय, तो येणार.

आणि भाऊ, इथून पुढचं मी हसत लिहू शकत नाही. प्रयत्न करतो.

मी सुटून वरोरला पोचलो तेव्हा भर दुपार होती. ऊन असं की किनाऱ्याची वाळू डोळ्यांना लागत होती. ओहोटीचं पाणी पार लांब गेलेलं, आवाज नाही कसला. बोंबील सुकत घातलेल्या काठ्यांच्या रांगेतून मी चालत गेलो. बायका मासळी पालथी करत बसल्या होत्या. मी मोठ्याने म्हटलं, काय काकू, बरं आहे ना? एकीनेही मान वर केली नाही. बोलणं तेवढं थांबलं. कुत्रा ओळखीचा, तो उठला आणि शेपूट पायात घालून लांब जाऊन बसला. मी पुढे गेलो तेव्हा जमनाकाकू शेजारणीला हळूच म्हणाली, "आज दुपारीच आला गं." मला वाटलं, एस.टी.बद्दल बोलते आहे.

घरी गेलो. मालू पाठमोरी उभी होती, हातात एक बांगडी नाही. मी हाक मारली. ती वळली नाही. आत गेली, पानावर भात घेऊन पाठमोरीच मागे मागे सरकत आली, पान अंगणात ठेवलं आणि समजावल्यासारखं म्हणाली, "संध्याकाळी यायचं. आत्ता जाळं वाळत घातलंय." आणि दार लावून घेतलं. मी दारावर थापा मारल्या, ओरडलो, तर शेजारच्या दोन घरांतून राख उडाली, मीठ उडालं आणि एक केरसुणी बरोबर माझ्या कानावर बसली. पोलीस पाटलाकडे गेलो. सुटकेचा सरकारी कागद दाखवला. त्याने तो चिमट्यात धरला, माझ्या तोंडाकडे न बघता, आणि चुलीत टाकला. असल्यांनी आणलेलं काही घरात ठेवायचं नसतं म्हणे. त्याच्या चुलीपाशी उभा असतानाच मला कळलं की हे लोक मला बघून दचकत नाहीत. मेलेला माणूस दिसला तर बोबडी वळते माणसाची. हे मला सरावले होते. रोजचं गिऱ्हाईक असावं तसे.

(एक सांगायचं राहिलं. गावात आता कुणी मेलं म्हणत नाहीत. काळूचा बाप मध्यंतरी वारला, तर सगळे म्हणतात, म्हातारा बिहाइंडबार झाला. बरं दिसतं म्हणे, मेला म्हणण्यापेक्षा. हे तुमचं कर्तृत्व.)

तिन्हीसांजेला मी बोंबलांच्या काठ्यांमागे दडून माझ्याच घराकडे बघत बसलो. चोरासारखा. सूर्य पाण्यात टेकला, मालूने पान वाढून अंगणात ठेवलं, जाळं काढून पसरलं आणि पाठ करून आत गेली. जरा वेळाने बघतो, तर अंगणात तो बसलेला. कुठून आला, कसा आला, मी डोळ्याची पापणीही लववली नव्हती. पाठमोरा, बांधा माझ्यासारखाच, मान खाली. अंगावरचं धोतर ओलं, मांड्यांना चिकटलेलं. जाळ्याचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवून तो गाठ मारत होता, एकामागून एक, घाई नाही काही नाही. शेजारची पोरं दोन हातांच्या अंतरावरून पाणी घेऊन गेली, त्याच्याकडे न बघता. आपल्याकडे अशाच्या तोंडाकडे बघायचं नसतं ना, म्हणून इतक्या दिवसांत एकानेही बघितलं नव्हतं. तो उठून गेला तेव्हा तो बसला होता तिथली माती भिजलेली होती. भाऊ, मी मला बघून पळालो. होडीत जाऊन आडवा झालो आणि स्वतःची नाडी धरून पडून राहिलो. ती लागत होती. पण त्या वेळी तिच्यावरही माझा भरवसा बसेना.

सकाळी भीती ओसरली आणि राग आला. माझ्या अंगणात, माझ्या जाळ्यावर, माझ्या बायकोच्या हातचा भात पुढे घेऊन हा कोण बसतो? आणि काम तरी असं की माझी मान खाली जावी! जे जाळं मी वर्षभर उद्या उद्या म्हणत फाटकं ठेवलं, ते त्याने एका काठापासून जवळजवळ दुसऱ्या काठापर्यंत नवं करत आणलं होतं. नंतर मालूने तोंडावर सांगितलं, मेल्यापासून तुम्ही सुधारला होतात. पीत नव्हतात, शिव्या देत नव्हतात, माझ्या भावाला नावं ठेवत नव्हतात. आता सांगा, माणसाने आपल्याच भुताची बरोबरी कशी करायची?

मग मी तलासरीकडच्या एका गवताच्या गाडीत बसून उधव्याला गेलो, शुक्रा भगताकडे. मोठा माणूस आहे, लांबून लांबून लोक येतात. मी म्हटलं, मी जिवंत आहे की नाही ते बघून दे. त्याने मला चिमटा काढला, पायाचे तळवे उलटे की सुलटे ते बघितलं, आणि कोंबडा मागितला. मेलेल्याला एक, जिवंताला दोन. जिवंत माणसाचं काम जास्त अवघड असतं, असं त्याचं म्हणणं. मग सुपात तांदूळ टाकून बराच वेळ बसला. हळूहळू त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "तू मेलेला नाहीस. पण तुझ्या घरातला एक मेलेला आहे." मी पहिलं वाक्य ऐकलं आणि उडीच मारली. दुसरं वाक्य कानाआड केलं. गाडी सुटत होती, आणि आमच्या घरात आहोतच कोण, मी आणि मालू. तीही ठणठणीत.

परत आलो तर मालूने नेहमीसारखं पान ठेवलं होतं, पाठ करून. मला दिवसभराची भूक. एक घास घेतला आणि रागाच्या भरात ओरडलो, भातावरच्या कालवणात मीठ कुठाय, तुझ्या आईने असंच शिकवलं का! मालू गर्रकन वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. म्हणाली, त्याच्या पानात मी मीठ घालतच नाही, आणि त्याने कधी मागितलंही नाही, पान तसंच्या तसं राहतं. मग तिने हातातला डाव माझ्या डोक्यात घातला, दोनदा, आणि मग माझ्या गळ्यात पडून अशी रडली की मलाही आवरेना. मी रडलो, भाऊ. लिहायला लाज वाटत नाही.

मालूचं झालं. गावाचं नाही. गाव म्हणतं, तिला झपाटलंय. काळू मला होडीत घेत नाही. मेलेल्याबरोबर वल्हं मारायला त्याची छाती होत नाही. माझी मासळी कुणी घेत नाही, माझ्या हातचं पाणी नाही, आणि मालूशीही बायका बोलेनाशा झाल्या आहेत. मी असाच राहिलो तर आम्हा दोघांनाही हे गाव सोडावं लागेल. दर्या सोडून मी काय करू? चिकूच्या वाडीत झाडं मोजू? म्हणून पदर पसरतो. मुंबईहून या. किनाऱ्यावर सगळ्यांना जमवतो. तुम्ही फक्त उभे राहा आणि आपल्या साध्या मराठीत मोठ्याने सांगा की नारू तुरुंगात होता. तुमचा शब्द कुणी मोडणार नाही. इंग्रजीत सांगितलेलं त्यांनी न कळता मानलं, तर मराठीतलं कळून का मानणार नाहीत?

वकीलसाहेबांना नमस्कार. खोकल्याला जपा.

आपला हयात मेहुणा,
नारू

ता. क. खरी विनंती ही. तुरुंगात होता म्हणाल तेव्हा बाटल्यांचं बोलू नका. दमण सोडवायला गेला होता म्हणून धरला, असं सांगा. पोर्तुगीजांविरुद्ध लोक तुरुंगात गेलेच आहेत, त्यांत एक मी खपून जाईन. सभा झाली तर हारही घालतील. आणि ते अगदीच खोटं नाही. थोडं दमण मी सोडवून आणलंच होतं, बाटलीतून.

पुन्हा ता. क. पत्र बंद करणार होतो, पण मालू करू देत नाही. दिवेलागण होऊन गेली आहे. हे ती सांगते आहे, मी नुसता लिहितो आहे. कंसात काही घालणार नाही.

दादा, मी मालू. आज संध्याकाळी हे माझ्या शेजारी ओट्यावर बसले होते आणि तरीही तो आला. अंगणात बसला, जाळं पायात घेतलं. हे इथे आणि तो तिथे. मग तो कोण? पहिल्या दिवसांत मी त्याला अहो म्हणून हाक मारायची, त्याचा हात कधी थांबला नाही. मला वाटायचं, मेलेल्याला ऐकू येत नसेल. आज मी दिवा घेऊन जवळ गेले. तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही. काळूने त्या दिवशी ओरडून सांगितलेलं मनात आलं, आणि तू चहा न घेता गेलास ते आठवलं. मी दादा म्हणून हाक मारली. हात थांबला.

तू मुंबईलाच आहेस ना? तसं असेल तर मिळेल त्या टपालाने दोन ओळी टाक, कुठल्याही भाषेत टाक. ह्यांच्यासाठी नको, गावासाठी नको, माझ्यासाठी टाक. जाळं आता पुरं होत आलंय. ते संपलं तर तो यायचा नाही, म्हणून मी आत्ताच कात्रीने एक कोपरा कापून ठेवला आहे. तुझं उत्तर येईपर्यंत रोज थोडं कापीन.